पुढच्या नावाला फोन

डायलिसिसच्या सिस्टरला काय काम असतं, असं आमच्या हॉस्पिटलातलेच लोक विचारतात. कॅज्युअल्टीसारखी पळापळ नाही, आयसीयूसारखी आरडाओरड नाही. एसी खोली, पेशंट चार तास झोपून, सिस्टर खुर्चीत. वॉर्डातून माझी इकडे बदली झाली तेव्हा मैत्रिणींनी पार्टी मागितली होती आणि मी ती दिलीही. त्यामुळे पुढे माझं जे झालं ते कुणालाच पटकन पटलं नाही. मलासुद्धा नाही.

आधी काम सांगते, नाहीतर बाकीचं कळणार नाही. पेशंट आला की पहिल्यांदा वजनकाट्यावर. मागच्या खेपेपासून वजन जितकं वाढलं तितकं पाणी अंगात साठलं, असा साधा हिशोब. ते काढायचं, रक्त गाळायचं. हातातल्या फिश्चुलात, म्हणजे ऑपरेशननं शिरा जोडून केलेल्या जागेत, दोन जाड सुया, मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर रक्त बाहेर येतं, डायलायझरमधून, म्हणजे गाळणीतून, फिरून परत आत जातं. मध्येच बीपी पडतं, पायात गोळे येतात, कुणाला उलटी होते. एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि त्याच मशीनला जोडलेल्या माणसाला दिवसाला लिटरभर पाण्यावर भागवायला सांगितलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये ते आरओच्या टाकीकडे ज्या नजरेनं बघतात, ती नजर सवयीची व्हायला मला बरेच महिने लागले.

आठवड्यातून तीनदा यावं असं डॉक्टर सांगतात. आमच्याकडे बरेचजण दोनदाच येतात. महात्मा फुले योजनेत डायलिसिसचा खर्च निघतो, पण भुदरगड, गगनबावड्याकडून येणाऱ्याचं एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्या पोराचा बुडालेला रोजगार कुठल्या योजनेत निघत नाही.

आणि मुख्य म्हणजे माणसं तीच असतात. वॉर्डातला पेशंट बरा होऊन घरी जातो किंवा दगावतो; काहीही झालं तरी कॉट रिकामी होते, फाइल बंद होते. इथं तो येत राहतो. किडनी पुन्हा चालू होणार नाही हे त्याला ठाऊक, मला ठाऊक. किडनी बदलण्याचं नशीब फार थोड्यांचं. मग वर्षानुवर्षं सोमवार-गुरुवार, मंगळवार-शुक्रवार तीच तोंडं. कुणाच्या उसाला तोड आली, कुणाचं कारखान्याचं बिल अडकलं, कुणाच्या नातीला स्थळ आलंय, सगळं मला माहीत. त्यांना माझ्या मुलाचे बोर्डाचे मार्क माहीत.

यात भांडण हा अर्धा कारभार. पथ्य सांगायचं ते कोल्हापुरात! रविवारचा रस्सा सोमवारी काट्यावर दिसतोच. आखाडात तर विचारूच नका. ‘‘मामा, साडेतीन किलो? विहीर प्यालासा काय?’’ ‘‘न्हाई ओ सिस्टर, नुसता वास घेतला.’’ भाजी चिरून भरपूर पाण्यात उकडा, ते पाणी ओतून द्या, मग फोडणी घाला. केळं नको, नारळपाणी नको, उसाचा रस तर अजिबात नको. उसाच्या जिल्ह्यात हे सांगताना मलाच हसू यायचं. पण मी मनापासून भांडायचे.

पावसाळा आला की माझं लक्ष पंचगंगेकडे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. लोक ते आकडे घरात पाणी शिरेल का म्हणून बघतात. मी बघायचे ते कुठल्या बाजूचा कोण अडकेल म्हणून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीपाशी हायवेच बंद पडला. डायलिसिस आठवडाभर पुढं ढकलता येत नाही. पाणी फुप्फुसात चढतं, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. नदीचं पाणी चढायला लागलं की एकेकाला फोन लावायचा: आजच निघा, शहरात पाव्हण्यांकडं ऱ्हावा, प्यायचं पाणी निम्म्यावर आणा, पोटॅशियम कमी करायची पावडर न चुकता घ्या. कुणी ट्रॅक्टरमधून आलं, कुणी बोटीतून. सगळे पोचले असं मी म्हणू शकत नाही.

पुरात मी थकले, पण मोडले नाही. दमणं वेगळं असतं. झोपलं, जेवलं, पोरांत बसलं की ते उतरतं. मोडायला कारण झालं ते बिनपावसाचं, रोजचं, कारकुनी काम.

मशीन मोजकी आणि वेटिंगची यादी लांब. पेशंट गेला की त्याचा स्लॉट मोकळा होतो आणि यादीतल्या पुढच्या नावाला फोन करायचा असतो. हा फोन सिस्टरनं करायचा असं कधी, कुणी ठरवलं ते कुणालाच सांगता येत नाही. मी आले तेव्हा रीत पडलेली होती. सकाळी कळायचं की अमुक काकू रात्री गेल्या. मशीनचं डिसइन्फेक्शन लावायचं, काकूंच्या नावावर रेघ मारायची आणि दुपारी फोन: ‘‘तुमचा नंबर लागलाय, उद्यापासून या.’’ पलीकडचा माणूस रडायचा. आनंदानं. ‘‘लई उपकार झालं सिस्टर, देव भेटल्यागत झालं.’’ त्याचं काय चुकलं? महिनोन् महिने तोही मरणाच्या दारातच बसलेला. काहींना ठाऊक असायचं नंबर कसा लागतो ते. ते आवंढा गिळून गप्प व्हायचे. मी म्हणायचे, येताना केसपेपर आणि रेशनकार्ड आणा.

सुरुवातीला मी गेलेल्यांच्या घरी दिवसाला जाऊन यायचे. मग ते थांबलं. मग वाईट वाटणंही थांबलं. कुणी गेल्याचं कळलं की तोंडातून पहिला प्रश्न यायचा, ‘‘स्लॉट कुठला होता?’’ काम बिनचूक चाललेलं, सुया पहिल्या खेपेला बसत होत्या, रजिस्टर नीटनेटकं. उलट कौतुक व्हायला लागलं: आधी किती तावातावानं बोलायच्या, आता सिस्टर किती शांत झाल्यात! घरी मात्र रात्री तीनला टक्क जाग. रविवारी दुपारपासूनच पोटात खड्डा. मान आखडलेली, ॲसिडिटी कायमची. आणि डोक्यात एकच वाक्य: आपण काहीही केलं तरी शेवटी रेघच मारायची आहे.

हे ओळखलं ते एका पेशंटनं. तालमीत आयुष्य काढलेले एक आबा होते, कान मोडलेले, साखरेनं किडन्या गेलेल्या. पथ्य मोडण्यात पहिला नंबर. एका सोमवारी काट्यावरून उतरले आणि तिथंच उभे राहिले.

‘‘सिस्टर, चार किलो वाढलंय.’’

‘‘हो आबा, लिहिलंय.’’

‘‘भांडणार न्हाईसा?’’

‘‘काय भांडायचं? काढूया पाणी.’’

ते कॉटवर बसले, बाही वर केली आणि म्हणाले, ‘‘वस्तादानं शिव्या द्यायचं बंद केलं की पोरगं समजायचं, आपल्यावरचा त्येचा जीव उडाला. तुमचं कायतरी बिनसलंय. दाखवून घ्या कुणालातरी.’’

दाखवून घ्यायला मी लगेच गेले नाही. घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, ‘‘नोकरी सोड की, घरात काय कमी हाय?’’ घरात फ्लॅटचा हप्ता भरून काय कमी पडतं ते त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं. ह्यांनी मालवणची टूर काढली. छान झाली. मी मासे खाल्ले, झोपले, किनाऱ्यावर पोराबरोबर खेळले. परत येताना गगनबावड्यात चहाला थांबलो आणि उद्याची सकाळची बॅच आठवली तशी चहा घशाखाली उतरेना. सुट्टीचा उपयोग किती झाला, त्याचं उत्तर मला तिथंच मिळालं.

हॉस्पिटलनंही आपल्या परीनं केलं. १२ मेला परिचारिका दिन असतो. त्या वर्षी व्याख्यान ठेवलं होतं, सकारात्मक विचारांचं. वक्ते म्हणाले, सिस्टर म्हणजे देवीचं रूप, चेहऱ्यावर कायम हसू हवं. गुलाब आणि कॉफीचा मग दिला. मग चांगला आहे, अजून वापरते. पण या देवीपणाचा मला तेव्हापासून राग आहे. २२ मार्च २०२० ला लोकांनी आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या तेव्हा अंगावर काटा आला होता, खोटं नाही सांगत. नंतर लक्षात आलं, देवीला रजेचा अर्ज करता येत नाही. तिला पगारवाढही मागता येत नाही.

पहिल्यांदा आमच्या फिजिशियनना दाखवलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर. हिमोग्लोबिन जरा कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. फरक पडला नाही. एका रात्री संध्याकाळची बॅच संपवून पार्किंगमध्ये आले आणि गाडीला किल्ली लावावीशी वाटेना. तिथूनच १४४१६ ला फोन लावला, टेली मानसचा. ती मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली, फुकट आणि चोवीस तास. हा नंबर आमच्याच ओपीडीच्या भिंतीवर लावलाय. त्याच्याखालून मी रोज जात होते. पलीकडची मुलगी मराठीत बोलली, घाई केली नाही, जिवाचं काही बरंवाईट करायचे विचार येतात का ते स्पष्ट विचारलं. येत नव्हते. तिनं मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटायला सांगितलं.

राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांची वेळ घेतली, मुद्दाम उशिराची. पण कोल्हापूर हे गावच. कुठंही जा, दोन खुर्च्या सोडून ओळखीचं कुणीतरी बसलेलं असतंच. माझ्या समोर दुसऱ्या हॉस्पिटलातली एक सिस्टर होती. आम्ही दोघींनी एकदम मोबाइल बाहेर काढले.

डॉक्टरांनी मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला, झोप विचारली, भूक विचारली. मग म्हणाले, ‘‘सुट्टीच्या दिवशी जे आवडतं ते अजून आवडतं का?’’ मी म्हटलं, आवडतं. पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच असली की मुलाबरोबर शाहू स्टेडियमवर जाते आणि घसा बसेपर्यंत ओरडते. ते हसले. नैराश्य असतं तर मॅचही बेचव झाली असती, म्हणाले. तुमचं जे बिनसलंय ते कामापाशी बिनसलंय. बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची तीन लक्षणं दिलीत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तिन्ही माझी. मात्र हे वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं, तरी त्यात याला आजार म्हटलेलं नाही. नोकरीच्या संदर्भात घडणारी गोष्ट, एवढंच. डॉक्टरांनी बजावलं की दुर्लक्ष केलं तर यातून नैराश्यात जायला वेळ लागत नाही.

आजार नाही, याचा मला आधी आनंद झाला. रजेचा अर्ज द्यायला गेले तेव्हा तो विरला. ऑफिसात विचारलं, ‘‘सर्टिफिकेटवर आजार काय लिहिलाय?’’ डॉक्टरांनी निद्रानाश आणि तणाव लिहिलं होतं, जे खरंच होतं. ‘‘तणाव सगळ्यांनाच असतोय हो सिस्टर.’’ काविळीला कुणी असं म्हणत नाही. शेवटी रजा मंजूर झाली, त्यातली बरीचशी बिनपगारी.

रजेचे पहिले दिवस मी फक्त झोपले. झोपेची गोळी काही आठवडे होती, नंतर डॉक्टरांनीच बंद केली. त्यांनी एका मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे पाठवलं होतं. खरं काम तिथं झालं. मॅडम वयानं माझ्यापेक्षा लहान. बरीच सत्रं मी त्यांना पेशंटच्याच गोष्टी सांगत होते. त्यांनी एकदा सांगितलं की १९७४ मध्ये यावर लिहिणारे हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करायचे आणि तिथले स्वयंसेवक, ते स्वतः धरून, असेच रिकामे होताना त्यांनी पाहिले. पुढं क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी मोजपट्टी तयार केली, १९८१ मध्ये. तिच्यात समोरच्या माणसाशी वस्तूसारखं वागणं हा एक वेगळा भागच आहे. मला तेव्हा ‘स्लॉट कुठला होता’ आठवलं. माझ्या स्वभावात विष शिरलंय असं मी धरून चालले होते. हे इतक्या जणांचं इतकं ठरावीक होतं की त्याची प्रश्नावली निघाली, हे ऐकून मला बरं वाटलं. विचित्र आहे, पण वाटलं.

मग एका भेटीत त्यांनी विचारलं, ‘‘पेशंट गेल्याचं कळल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय करता?’’

‘‘मशीनचं डिसइन्फेक्शन लावते.’’

‘‘आणि मग?’’

फोनचं सांगितलं. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘हा फोन तुम्हीच का करता?’’

मला त्या बाईचा भयंकर राग आला. घरी येऊन भांडी आपटली. इतकी वर्षं काळजावर दगड ठेवून करत आलेली गोष्ट, आणि ही विचारते तुम्हीच का! रात्रीपर्यंत लक्षात आलं की उत्तर नाही म्हणून राग आलाय. तो फोन रिसेप्शनवरूनही जाऊ शकत होता. त्याला नर्सिंगची पदवी लागत नाही.

कामावर जायच्या आधी मेट्रन मॅडम आणि प्रशासकांना भेटले. माझी मागणी होती की पेशंट गेला तर त्याचा स्लॉट निदान एक दिवस मोकळा ठेवावा. प्रशासक म्हणाले, मशीन रिकामं ठेवणं परवडत नाही. ते मी खोडून काढलं असतं. पण पुढं म्हणाले, ‘‘आणि वेटिंगवाल्याचा तो एक दिवस कुणी मोजायचा?’’ हे मला खोडता आलं नाही, अजून येत नाही. शेवटी ठरलं ते असं: फोन रिसेप्शन करणार, आणि नव्या पेशंटची पहिली बॅच शक्यतो दुसऱ्या सिस्टरच्या मशीनवर लागणार. स्लॉट भरतोच, फक्त रेघ मारणारा आणि बोलावणारा हात एकच नसतो. लिहिताना हे क्षुल्लक दिसतंय. माझ्यासाठी गोळ्यांपेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

आणखी एक मागितलं, ते मिळायला वेळ लागला: आठवड्यातली एक दुपार किडनीच्या ओपीडीत. तिथं ज्यांची किडनी अजून पूर्ण गेलेली नाही असे लोक येतात. बीपी आटोक्यात ठेवा, साखर सांभाळा, गुडघ्यासाठी मनानं दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका, एवढं जरी पाळलं तरी मशीन काही वर्षं लांबू शकतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडली ते सांगणारा रक्तातला आकडा, होतं तिथंच थांबलेला कागद घेऊन माणूस सहा महिन्यांनी येतो तेव्हा आपल्या हातून काही झालं, असं दिसतं. डायलिसिसच्या खोलीत ते दिसत नाही.

सगळ्यात जड गेलं ते मोबाइल नंबर काढून घेणं. निम्म्या पेशंटांकडे माझा नंबर होता. रात्री दहाला व्हॉट्सॲपवर केळ्याचा फोटो: ‘‘सिस्टर, अर्धं चालंल का?’’ आता युनिटचा वेगळा फोन आहे, ड्यूटीवर असेल ती घेते. एक काकू महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. मी त्यांना सवय लावली होती.

आणि चहा. कुणी गेलं की त्या बॅचच्या सिस्टर, टेक्निशियन, मावशी दहा मिनिटं पँट्रीत चहा घेतात. ही कल्पना आमच्या मावशींची. रडारड होत नाही, बहुतेक वेळा हसूच येतं: गेलेल्या पेशंटनं एकदा सुनेच्या पर्समधून कुल्फी कशी आणली होती, टीव्हीच्या चॅनलवरून शेजारच्या कॉटशी कसे भांडले होते. कामाची गर्दी असली तर चहा राहूनही जातो. कुणाच्या दिवसाला जायचं आणि कुणाच्या नाही, ते आता मी ठरवते. सगळीकडे जात नाही.

ज्या आबांनी मला पकडलं त्यांच्या गावाजवळ डायलिसिसची सोय झाली, ते तिकडं गेले. तिथल्या सिस्टर कडक आहेत अशी तक्रार त्यांनी युनिटच्या फोनवर केली.

बाकी बरंच तसंच आहे. माणसं कमी आहेत. शिकवून तयार केलेल्या मुली पुण्याला, आखाती देशांत जातात, आणि इथला पगार बघता त्यांना थांब कुठल्या तोंडानं म्हणायचं? तिसरी बॅच सुरू करायचं घाटतंय, रात्री दहापर्यंत. वेटिंगची यादी बघितली तर ती हवीच. रोस्टर बघितलं तर अशक्य आहे. मीटिंगमध्ये मी आधी दोन सिस्टर घ्या म्हणाले, तेव्हा एकजण पुटपुटला की यांना मध्ये त्रास झाला होता ना, म्हणून. त्रास झाला होता म्हणूनच सांगतेय, असं मी मोठ्यानं म्हणाले आणि ते मिनिट्समध्ये लिहायला लावलं.

युनिटमध्ये एक नवी मुलगी आहे, तिसंगीकडची. हुशार, हात हलका. गेल्या महिन्यापासून फार शांत झालीये. मी तिला १४४१६ लिहून दिला, तर म्हणाली, ‘‘ताई, माझं तसलं काही नाही ओ.’’ मग त्या विषयावर बोलले नाही. तिची सलग लागलेली संध्याकाळची बॅच तोडून मधे सुट्टी टाकता येते का, ते मेट्रन मॅडमना विचारलंय. त्या म्हणाल्या, पंधरा तारखेच्या रोस्टरला बघू.